पापनिवेदन: ऐकणारा कोण?

पदव्युत्तर वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत असताना टिळकांच्या धर्मांतरावरून बोलणे निघाले आणि आमच्यापुढे एक अनपेक्षित वाद उभा राहिला. नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातल्या एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की पाप कबूल करायचे ते थेट देवापाशी. मध्ये माणूस कशाला? वसईकडची एक कॅथलिक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "देवाला सांगणं सोपं असतं, सर. तो उलट काही विचारत नाही." वर्ग हसला. आम्हांला मात्र ते वाक्य पुढे कित्येक दिवस सोडीना.

आम्ही ख्रिस्ती नाही. पण या वादात मराठी वाचकाचा कौल बहुधा आधीच ठरलेला असतो, हे आम्ही स्वतःवरूनच सांगतो. विठ्ठलाशी भांडताना, त्याच्यापुढे आपले अवगुण मोजताना तुकोबांना मध्यस्थ लागला नाही. नारायण वामन टिळकही आपण तुकारामरूपी सेतूवरूनच ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानीत. तेव्हा प्रॉटेस्टंट बाजू आपल्याला कोणी न शिकविताच पटते. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. तुकोबांचे ते आत्मनिवेदन एकांतात विरून गेले नाही. ते कीर्तनात, गावासमोर उच्चारले गेले. संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'चेही तसेच. संबोधन अथपासून इतिपर्यंत देवाला. पण दहाव्या भागात तो स्वतःलाच विचारतो, की माझी ही कबुली माणसांनी का ऐकावी? ज्याला सर्व ठाऊकच आहे त्याला सांगण्यासाठी ग्रंथ लिहावा लागत नाही. तो लिहिला, कारण माणसाचा कान हवा होता.

इतिहासही 'धर्मगुरू की देव' अशी सरळ वाटणी करू देत नाही. प्रारंभीच्या शतकांत गंभीर पापांचे प्रायश्चित्त मंडळीच्या देखत होई. एका माणसाच्या कानात सांगण्याची रीत पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी रुजविली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचे केले आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्राणघातक पापे प्रकारवार, संख्येसह सांगावीत असे ठरविले. ल्यूथरचा रोष या सक्तीवर आणि मोजदादीवर होता, खासगी कबुलीवर नव्हता. ती त्याने स्वतः अखेरपर्यंत सोडली नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीनाम्यातही ती राखावी असेच म्हटले आहे. उलट बाजूने पाहावे, तर कॅथलिक धर्मशिक्षणात परिपूर्ण पश्चात्तापाला मोठे स्थान आहे. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, पोप फ्रान्सिस यांनी त्याचीच आठवण करून दिली होती: धर्मगुरू मिळत नसेल तर देवाशी बोला, खरे ते सांगा, आणि शक्य होताच पापनिवेदनाला जाण्याचा निश्चय ठेवा. म्हणजे दोन्ही घरांना दोन्ही दारे आहेत. कोणते दार दर्शनी, एवढाच भेद.

आमचे मत त्या विद्यार्थिनीच्या बाजूला झुकते. देवापुढे आपण जे बोलतो त्याची भाषा आपणच निवडतो, आणि भाषा शिकविणाऱ्यांना ठाऊक असते की ती किती लबाड असते. 'माझ्याकडून चूक घडली' आणि 'मी चोरी केली' यांतले अंतर समोर माणूस बसला की एकदम जाणवते. जॉइसच्या 'पोर्ट्रेट'मधला सोळा वर्षांचा स्टीफन कबुलीसाठी कॉलेजचे चॅपेल टाळतो. डब्लिनच्या गल्ल्यांतून वाट विचारीत अनोळखी चॅपेलात जातो. ओळखीचा कान नको, पण कान हवा! तिथला वृद्ध धर्मगुरू त्याला साधेच प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांपुढे स्टीफनचे सगळे अलंकारिक शब्द गळून पडतात. अर्थात त्याला तिथवर ढकलले ते नरकाच्या वर्णनांनी भरलेल्या प्रवचनांनी, हेही जॉइस लपवीत नाही.

इथेच आमचा झुकाव अडखळतो. ऐकणाऱ्याच्या हाती सत्ता येते. चर्चला हे कळत नव्हते असे नाही. म्हणून तर कॅथलिक धर्मविधीनुसार पापनिवेदनाचे रहस्य फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. तरीही २०१८ मध्ये केरळात मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर, कबुलीत कळलेल्या गोष्टींच्या आधारे एका विवाहितेचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने तेव्हा ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. चर्चसंस्थांनी ती श्रद्धेवरील आक्रमण म्हणून धुडकावली. बंदी आम्हांलाही मान्य नाही. पण 'हा श्रद्धेचा प्रश्न आहे' हे उत्तर अपुरे वाटते. सांगणाऱ्यावर वर्षातून एकदा येण्याची सक्ती असेल, तर ऐकणाऱ्याचा जाब चार भिंतींबाहेरही विचारता आला पाहिजे. कानाची गरज मान्य करणे म्हणजे त्या कानाला निर्दोष मानणे नव्हे.

असो. वर्गातल्या त्या दुपारी आणखी एक गोष्ट राहून गेली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तसेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. चोरी ज्याच्या घरी झाली, तो माणूस. तासभर देव आणि धर्मगुरू यांच्यावरून वाद चालला. त्या माणसाचे नाव त्या दोघांपैकी कोणी काढले नाही, आणि आम्हांलाही ते घंटा झाल्यावर, स्टाफरूममध्ये आल्यावर सुचले.