राजिमची पंचकोशी आणि एक ओला मोजा

सुटी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा तरी येतो, नाहीतर थंड हवेचे ठिकाण तरी. रायपूरच्या माणसाला ह्यांपैकी काहीच जवळ नाही. त्याच्याभोवती आहे ते सपाट मैदान, धानाच्या बांध्या, गावोगावची तळी आणि वर मोठे आभाळ. अशा मुलखात आठवडाभर पायी हिंडून सुटी घालवायची, असे कोणी म्हणाले की घरची माणसे आधी चेष्टा करतात. आमचीही झाली. तरी आम्ही पाच मित्र, सगळेच साठीच्या आसपासचे, पौष पौर्णिमेच्या चार दिवस आधी राजिमच्या पंचकोशीस निघालो.

राजिम रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर ह्या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. पात्राच्या मध्येच उंच अष्टकोनी जोत्यावर कुलेश्वर महादेवाचे देऊळ उभे आहे; काठावर राजीवलोचनाचे प्राचीन विष्णुमंदिर. ह्या मंदिरातील जगपालदेवाचा शिलालेख इ. स. ११४५ चा आहे. राजिमला लोक कमलक्षेत्र म्हणतात, आणि पंचकोशीतील पाच शिवस्थाने म्हणजे त्या कमळाच्या पाकळ्या, अशी समजूत आहे. कुलेश्वरापासून निघावयाचे, पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर आणि कोपरा अशी गावे घेत पुन्हा कुलेश्वरापाशी यावयाचे. आजच्या नकाशावर ही वाट रायपूर, महासमुंद व गरियाबंद अशा तीन जिल्ह्यांतून जाते. पंढरीची वारी एका ठिकाणी पोहोचण्यासाठी असते. ही वाट जेथून सुटते तेथेच परत येते, त्यामुळे घाई कशासाठी करावयाची हा प्रश्नच उरत नाही. हल्ली मोटारीने ही पाचही देवळे एका दिवसात करणारे पुष्कळ आहेत. त्यांना पुण्य लाभत असेल. रस्ता मात्र दिसत नसावा.

कारण ह्या प्रदेशाचे सौंदर्य पायी चालणाऱ्याच्याच वाट्याला येते. धान कापून झाले तरी बांध्या मोकळ्या नसतात. शेतकरी धान उभे असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर, त्यात लाखोळीचे बी फेकून ठेवतो. इकडे ह्या रीतीला उतेरा म्हणतात, आणि लाखोळीला तिवरा. नांगर नाही, पाणी नाही, तरी पौषात धानाच्या खुंटांमधून हिरवी भाजी वर आलेली असते. पहिल्या मुक्कामी, पटेव्याला, एका घरी हीच भाजी आणि तांदळाच्या पिठाची जाड अंगाकर रोटी आम्हांला मिळाली. पैसे घेण्यास त्या माउलीने साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी चंपारण. वल्लभाचार्यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव देशभर प्रसिद्ध आहे, गुजरातेतून तर यात्रेकरूंची रीघ लागलेली असते. तेथली झाडे तोडीत नाहीत, त्यामुळे उघड्या मैदानातून आल्यावर ती सावली फार गोड वाटते.

येथवर सारे ठीक होते. चंपारणनंतर बम्हनीला जाण्यासाठी महानदी ओलांडावी लागते. पौषात पात्राचा बराच भाग वाळूचा असतो. मध्ये घोटाभर, कोठे गुडघाभर पाणी. बूट-मोजे काढून आम्ही उतरलो. पलीकडे इतरांनी पाय पुसले, वाळू झाडली, कोरडे मोजे घातले. माझ्या हातून एक मोजा पाण्यात पडला होता. तो पिळून मी तसाच चढविला.

आता कबूल करण्यास हरकत नाही. ह्या सहलीची सारी आखणी माझी होती. बूट महिनाभर आधी घालून मुरवावेत, मोजांचे दोन जोड ठेवावेत, दररोज संध्याकाळी तळवे तपासावेत, असे व्याख्यान मीच मित्रांना दिले होते. आणि मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्या व्याधीत पायाची संवेदना मंदावते, जखम भरण्यास वेळ लागतो, आणि साधा फोडही पुढे पाऊल गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. हे सारे ठाऊक असूनही बम्हनीच्या मुक्कामी मी मोजा उतरविला तो दिव्याकडे पाठ करून. उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता. दुखत फारसे नव्हते, आणि त्यातच खरी भीती होती. मी काही बोललो नाही.

फिंगेश्वरच्या वाटेवर एक मित्र माझ्या मागून चालत होता. मऊ धुळीत पावले स्वच्छ उमटत होती. तो एकदम थांबला आणि म्हणाला, "अरे, तुझ्या उजव्या पायाची टाच कोठे गेली?" ठसा पुढच्या अर्ध्याच पावलाचा उमटत होता.

त्याने मला बांधावर बसविले, बूट काढला, आणि नंतर जे बोलला ते ह्या पानावर छापण्याजोगे नाही. त्याच्या वडिलांचा पाय ह्याच रोगाने गेला होता. ते मी चाळीस वर्षे जाणून होतो. आरोग्य केंद्रात फोड स्वच्छ करून पट्टी बांधली गेली. आठवडाभर त्या पायावर भार देऊन चालावयाचे नाही, असा निर्णय मिळाला.

मी म्हणालो, "तुम्ही पुढे जा, मी बसने घरी जातो." दोघांना ते पटलेही, इतक्या वर्षांनी जमलेला बेत मोडावा असे कोणाला वाटेल? बरीच वादावादी झाली. शेवटी एक दिवस तेथेच थांबावयाचे ठरले, कारण दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि छेरछेरा होता.

छेरछेरा म्हणजे नवे धान घरात आल्याचा दानाचा सण. सकाळपासून मुले टोपल्या, झोळ्या घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर ओंजळभर धान घालते. मागण्यात त्या दिवशी कोणास कमीपणा वाटत नाही. थोरामोठ्यांच्या घरची मुलेही मागतात. आम्ही ओसरीवर बसलेले पाहून मुले आमच्याकडेही आली. धान कोठून आणणार? वाटेसाठी बांधून आणलेले तिळाचे लाडू दुपारपर्यंत संपले.

त्या घरचे वृद्ध गृहस्थ आपल्या एका मित्राला सारखे "महाप्रसाद" म्हणून हाक मारीत होते. छत्तीसगडात दोघे विधिपूर्वक मितान होतात, तेव्हा महाप्रसाद, गंगाजल, भोजली असे एखादे नाव त्या नात्याला पडते. त्यानंतर ते एकमेकांचे खरे नाव तोंडाने घेत नाहीत. हे नाते जात पाहत नाही आणि पुढच्या पिढीपर्यंत पाळले जाते. आमची हकीकत ऐकून ते मला म्हणाले, "मितानापासून पाय लपविलात?" मजजवळ उत्तर नव्हते.

पुढे चौघांनी पाळी लावली. फिंगेश्वर ते कोपरा आणि कोपरा ते राजिम ह्या दोन टप्प्यांत तिघांनी चालावयाचे, एकाने माझ्याबरोबर बसने यावयाचे. राजिमला मी काठावर बसून राहिलो. चौघे वाळू तुडवीत कुलेश्वराला गेले आणि बेलाची पाने घेऊन परत आले. टाच भरून येण्यास पाच आठवडे लागले.

फिंगेश्वर ते राजिम एवढी वाट माझी राहिली आहे. येत्या पौषात ती माझ्याबरोबर पुन्हा चालण्याचे चौघांनी मान्य केले आहे. बूट-मोजांचे खाते मात्र माझ्याकडून काढून घेण्यात आले असून, रोज संध्याकाळी दिव्यासमोर पाय दाखविण्याची अट मला घातली आहे.