किमान देय रक्कम

आमच्या वेळी वसतिगृहात गृहपालांकडे एक लांबट वही असे. घरून आलेले पैसे त्यांच्याकडे जमा करावयाचे आणि लागतील तसे मागून घ्यावयाचे. दोन रुपये मागितले तरी 'कशाला?' हा प्रश्न ठरलेला. उत्तर पटले तर वहीत नोंद होई आणि समोर आपली सही. त्या प्रश्नाचा आम्हांला फार राग येई.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या नावाचे क्रेडिट कार्ड आले. ज्या घराला गावच्या दुकानदाराने कधी उधारी दिली नाही, त्या घरात पन्नास हजारांची पत आली होती. वडिलांनी कार्डावरचे नाव बोटाने चाचपून पाहिले. पहिल्या पिढीच्या पगारदाराला कार्ड ही केवळ सोय वाटत नाही, तो मान वाटतो. आणि फसगत नेमकी तेथेच सुरू होते.

बहिणीच्या लग्नात ४०,००० रुपये कार्डावर खर्च झाले. बिलावर दोन आकडे होते : एकूण देय आणि किमान देय. मी दुसरा भरीत राहिलो आणि स्वतःला वेळेवर फेडणारा सज्जन समजत राहिलो. पहिल्या महिन्याचे किमान देय पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये. व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२. मूळ कर्जातून फिटले अवघे ३४८. कार्ड कपाटात ठेवूनही चौदा महिन्यांत मी सव्वीस हजारांहून अधिक भरले आणि बाकी पस्तीस हजारांच्या वरच राहिली. सावकाराचे शेकडा तीन व्याज ऐकले की आजी कपाळाला हात लावीत असे. हे तर साडेतीन होते, आणि मी घरी कोणाला सांगितलेही नव्हते. अखेर कार्यालयातील पतसंस्थेचे वार्षिक बारा टक्क्यांचे कर्ज काढून सुटका करून घेतली.

आता मोबाइलवर खर्च मांडणारी ॲप्स आली आहेत. बँकेचे संदेश वाचून ती किराणा, प्रवास, औषधे अशी रंगीत वर्तुळे काढतात. मीही एक वापरतो. परंतु ॲप खर्च झाल्यावर सांगते, गृहपाल आधी विचारीत. शिवाय काही ॲप्स त्याच वर्तुळाखाली कर्जाचे आमंत्रण ठेवतात. हिशेबाची वहीच जर कर्ज देऊ लागली, तर तिच्यावर विसंबावे कसे?

नियम आपल्या बाजूचे आहेत, पण ते माहीत हवेत. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची मागणी सात कामकाजी दिवसांत पूर्ण न करणाऱ्या बँकेने ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ठरवले. कर्ज देणाऱ्या ॲपला आपल्या मोबाइलमधील संपर्कयादी उघडता येत नाही.

रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२३ साली ग्रंथ सिद्ध केला. त्याचा उल्लेख आपण जयंतीला अभिमानाने करतो. स्वतःच्या रुपयाबद्दल मात्र पती-पत्नीही मोकळेपणाने बोलत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी, की पुढील माजी विद्यार्थी मेळाव्यात सत्कारांचा एक तास कमी करावा. आपण आपली जुनी बिले आणावीत, नाव-क्रमांक झाकावेत आणि दहावीच्या मुलामुलींकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत. माझी चौदा बिले मी जपून ठेवली आहेत. ती घेऊन मी येईन.