पत्ता मिरवण्यासाठी नसतो



घरगुती उद्योगाच्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. "सर, कार्डवर घरचा पत्ता टाकला तर लोकांना वाटेल, काहीतरी किरकोळ आहे. त्यापेक्षा व्हर्च्युअल ऑफिस घेऊ का? महिन्याला थोडे पैसे भरले की बांद्र्याचा पत्ता मिळतोय."

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या नावाने निघालेला कागद किंवा पार्सल वेळेत तुमच्या हातात पडलं पाहिजे, त्यासाठी पत्ता असतो. हे काम जो पत्ता करतो तो चांगला, मग तो चाळीतल्या खोलीचा का असेना.

हे मी स्वतः दंड भरून शिकलोय. सुरुवातीला मी डोंबिवलीच्या घरातून काम करायचो, पण रुबाबासाठी ठाण्यातल्या एका मित्राच्या ऑफिसचा पत्ता सगळीकडे दिला होता. एका सरकारी खात्याचं पत्र आलं. वॉचमनने सही करून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. माझ्या हातात पडलं तेव्हा उत्तराची मुदत संपून गेली होती. मित्राला काय बोलणार? त्याला त्याचा धंदा होता, माझी टपाल सांभाळणं हे काही त्याचं काम नव्हतं.

आणि "मला मिळालंच नाही" म्हणून सुटका होत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे, कायद्याने टपालाने पाठवायची नोटीस बरोबर पत्ता घालून रजिस्टर पोस्टाने पाठवली, की ती पोचली असंच धरलं जातं. नाही पोचली, हे आपण सिद्ध करायचं. म्हणून पत्ता ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारा, आणि तिन्हीचं उत्तर एकच असलं पाहिजे असा हट्ट धरू नका.

पहिला प्रश्न : काम खरंच कुठे चालतं? सरकारी नोंदणीत तोच पत्ता द्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, आणि तिथे युनिटची जागा आणि ऑफिसचा पत्ता वेगवेगळा विचारतात. जीएसटीला घरचा पत्ता चालतो. घर स्वतःचं असेल तर लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती, भाड्याचं असेल तर करारनामा, सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. मात्र जीएसटी घेतलात तर प्रवेशाजवळ नंबरसकट पाटी लावावी लागते, आणि अधिकारी जागा बघायला येऊ शकतात. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विश्वासात घ्या, पाटी लागल्यावर नको. जागा बदललीत तर पंधरा दिवसांत कळवायचं असतं, हेही लक्षात ठेवा.

व्हर्च्युअल ऑफिस वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण तिथे तुमची टपाल कोण घेतं, तुम्हाला कधी कळवतं आणि अधिकारी आले तर कोण उभं राहतं, याची उत्तरं लेखी मिळत नसतील तर ते पैसे पॅकिंगवर खर्च करा.

दुसरा प्रश्न : पत्र घेणार कोण? नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर असाल तर घरचा पत्ताही कुचकामी ठरतो. पोस्टात वार्षिक भाड्याने पोस्ट बॉक्स मिळतो, पत्रांसाठी ती चांगली सोय आहे. पण कुरिअरवाला त्यात पार्सल टाकू शकत नाही, त्यामुळे परत येणाऱ्या मालासाठी दुसरी जागा बघावीच लागते. आणि एक गोष्ट आजच तपासा. जीएसटीची नोटीस ईमेलवर किंवा पोर्टलवर आली तरी कायद्याने ती तुम्हाला मिळालेली असते. नोंदणीत तुमच्याऐवजी कर सल्लागाराचा ईमेल आणि मोबाईल टाकलेला असेल, तर तुमचा खरा पत्ता त्यांच्या मोबाईलमध्ये आहे असं समजा.

तिसरा प्रश्न : अनोळखी माणसाला काय दिसलं पाहिजे? इथे मला मैत्रिणींशी जास्त बोलायचंय. कल्याणच्या एक ताई भाजणी आणि मेतकूट करतात. पाकिटावर विंग, फ्लॅट नंबर सगळं होतं. एका रात्री साडेनऊला एक गृहस्थ थेट दारात. अर्धा किलो भाजणी हवी म्हणे. मिस्टर नाईट शिफ्टला, घरात ताई आणि लहान मुलगी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, पत्ता काढून टाकू का?"

नाही काढता येत. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, ईमेल पाकिटावर लागतोच. मग आम्ही काय केलं? धंद्याचा मोबाईल नंबर वेगळा घेतला. पाकिटावर "घरी विक्री नाही, ऑर्डर फोनवर" अशी ओळ छापली. गेटवर सांगून ठेवलं की फोन केल्याशिवाय कुणाला वर सोडायचं नाही. माल न्यायला नाक्यावरच्या ओळखीच्या किराणा दुकानाची सोय केली. इन्स्टाग्रामवर फक्त "कल्याण पश्चिम" ठेवलं. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरही पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो, तेही केलं.

एवढं करूनही मला हा नियम घरगुती बायकांसाठी जाचक वाटतो. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर असतो, आणि त्या नंबरावरून खात्याला पत्ता माहीत असतो. मग घरातून चालणाऱ्या छोट्या युनिटला नंबर, फोन आणि पिनकोड एवढंच छापायची मुभा का नसावी? ग्राहकाला तक्रार करता आलीच पाहिजे, पण त्यासाठी त्याला बेडरूमच्या दारापर्यंतचा रस्ता कशाला हवा? नियम बदलेपर्यंत तो पाळायचाच, पण महिला उद्योजकांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी असं मला वाटतं.

जाता जाता पिनकोडबद्दल. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा आपला मराठी माणूस होता. एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले, या गोंधळावरचा तो उपाय. आपल्याकडे वडगावं किती आहेत मोजून बघा! तरीही लोक बिलावर शेजारच्या पोस्टाचा पिन छापतात.

आता गृहपाठ. तुमच्या धंद्याच्या नावाने, नोंदणीत आहे अगदी तसाच पत्ता लिहून, स्वतःला एक पत्र पाठवा. धंद्याचं नाव लेटरबॉक्सवर लिहिलेलं नसेल तर आधी लिहा. पत्र किती दिवसांत आलं, कुणाच्या हातात पडलं आणि तुमच्यापर्यंत कधी पोचलं, ते वहीत टिपून ठेवा. आलंच नाही, तर कार्ड छापायला टाकू नका. आधी पत्ता दुरुस्त करा.