पडद्यामागचा सूर

दिवाळीची साफसफाई हा माझ्या मते पुरुषांच्या विरुद्ध रचलेला कट आहे. एरवी वर्षभर घरातल्या ज्या वस्तूंना कोणी हात लावीत नाही, त्या सगळ्या त्या आठवड्यात एकदम 'अडगळ' ठरतात. यंदा पाळी आली ती अण्णांच्या अँप्लिफायरवर.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे शहात्तर. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेले. १९८४ साली दिवाळीचा बोनस हाती आला, तेव्हा त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन हा अँप्लिफायर घेतला आणि डेक्कन क्वीनने पुण्यापर्यंत मांडीवर बसवून आणला. वीस वॅटचा, लाकडी कडांचा, पुढे दोन गोल बटणे. अलीकडे त्यातून सारखी घूंऽऽ अशी घरघर येई आणि आवाजाचे बटण फिरवले की पापड तळल्यासारखा चर्रचर्र नाद होई. सौभाग्यवतीने निकाल दिला, "अहो, तेवढी ती पेटी हलवा. फराळाची ताटे ठेवायला जागा नाही!"

वाचकहो, मुलगा म्हणून माझे कर्तव्य मी ओळखले. नवा, शंभर वॅटचा अँप्लिफायर घरी आणला. पसंत नसेल तर आठ दिवसांत परत घेण्याचे दुकानदाराने कबूल केले होते. भीमसेनांची अभंगवाणी लावली आणि अण्णांना म्हटले, "बघा, आवाज किती खुलला!"

अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, "मोठा झालाय. खुललेला नाही. आपल्या पेटीत गोडवा होता."

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. गोडवा, खुलणे, भरदार, पातळ या शब्दांवर तर आमचे पोट चालते. बापलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या कानांचे वय झाले आहे." बोलून गेलो आणि जीभ चावली. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा पुसून आत निघून गेले.

तोड काढली ती आमच्या चिरंजीवांनी. ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी आधी जुनी पेटी तापकीर गल्लीतल्या एका कारागिराकडे नेली. आतले कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकून गेले होते. विजेचा प्रवाह सपाट करणे हे त्यांचे काम. ते थकले की विजेची लाट आवाजात मिसळते आणि घरघर होते. बटणाच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसली की चर्रचर्र होते. कपॅसिटर बदलले, पट्टी साफ केली. नव्या अँप्लिफायरच्या किमतीपुढे खर्च अगदी किरकोळ आला.

मग त्याने परीक्षा मांडली. तीच सीडी, तेच स्पीकर, मध्ये एक स्विच. दोन्ही पेट्या पडद्याआड. आधी त्याने व्होल्टमीटर लावून दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करून घेतला. मी विचारले, "एवढा सोस कशाला?" तो म्हणाला, "बाबा, आवाज किंचित जरी मोठा असला तरी कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. परवा तुम्ही बटण जास्त फिरवले होते."

माझ्या 'खुललेल्या' आवाजाचे रहस्य हे असे चव्हाट्यावर आले! आणि त्या शंभर वॅटांचे? आवाज दुप्पट भासायला शक्ती दहापट लागते. शंभर वॅट हे विसाच्या पाचपटच. शिवाय आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांशी बोलणे चालू ठेवायचे असेल, तर एक-दोन वॅटांतच सारी मैफल भागते.

सौभाग्यवती पडद्यामागे रुपया उडवून स्विच फिरवू लागली. प्रत्येकाला सोळा खेपा. नुसत्या अंदाजाने आठ बरोबर येतातच, म्हणून निदान बारा बरोबर आले तरच 'ओळखले' म्हणायचे, असा नियम ठरला. अण्णा डोळे मिटून बसले होते. मी वहीत खुणा करीत होतो. पहिल्या चार खेपांना मला खात्री होती. पाचव्या खेपेपासून मात्र घाम फुटला. परीक्षक होऊन वीस वर्षे झाली, पण परीक्षार्थ्याची धडधड मी विसरूनच गेलो होतो.

निकाल लागला. चिरंजीव आठ, अण्णा नऊ, आणि ज्यांचे कान तरुण होते असे प्राध्यापकमहाशय सात!

चिरंजीवांनी माझी समजूत घातली. म्हणे, १९७८ साली इंग्लंडात क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी आपल्याच तीन अँप्लिफायरांची अशीच परीक्षा घेतली होती. एक १९५३ च्या वेळचा व्हॉल्व्हचा, एक १९६७ चा आणि एक १९७५ चा, हे दोन्ही ट्रान्झिस्टरचे. ऐकणारे त्या विद्येतले जाणते लोक होते. त्यांनाही भेद खात्रीने सांगता आला नाही. अँप्लिफायर म्हणजे आवाज वाढवणारी सरळ तार असावी, हे या वॉकरसाहेबांचे सूत्र.

मला ते आमच्या भाषांतरासारखे वाटले. उत्तम भाषांतरकार मध्ये उभा आहे हे कळतच नाही. कोणी मध्येच आपला सूर लावतात. काही व्हॉल्व्हचे अँप्लिफायर मूळ स्वराबरोबर त्याचा वरच्या सप्तकातला स्वरही हळूच मिसळतात, आणि तो कानाला गोड लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवला की तार कशी झंकारू लागते, तसलाच हा प्रकार. शक्तीबाहेर ताणला तर कोणताही अँप्लिफायर चिरकतो, आणि बिघडलेला तर घरघरतोच. पण धडधाकट आणि आपल्या मर्यादेत चाललेले दोन अँप्लिफायर पडद्याआड ओळखणे फार कठीण.

"मग तो गोडवा?" मी अण्णांना जरा भीतभीतच विचारले.

अण्णा हसले. "त्या वर्षी तुझ्या आईच्या पाटल्या करायच्या होत्या. तीच म्हणाली, पाटल्या पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी तुझी शाळेची फी आली. पाटल्या राहूनच गेल्या. रोज संध्याकाळी भाजी निवडीत ती समोर बसून ऐकायची. गोडवा कुठला ते मला ठाऊक होते रे. पण तू कानांचे काढलेस, मग मी काय बोलणार?"

खोलीत कोणी काही बोलेना. पडद्यामागून सौभाग्यवती बाहेर आली, तिने जुनी पेटी फडक्याने पुसली आणि मुकाट्याने पूर्वीच्या जागी ठेवली. फराळाची ताटे यंदा माझ्या पुस्तकांच्या टेबलावर गेली.

नवा अँप्लिफायर मी दुसऱ्याच दिवशी परत केला. चिरंजीवांनी आणखी एक गोष्ट केली. स्पीकर इतकी वर्षे भिंतीच्या कोपऱ्यांत कोंबलेले होते. कोपऱ्यात खर्जाचे स्वर फुगतात आणि शब्द त्यात बुडतात. त्याने ते कोपऱ्यातून दोन-दोन हात पुढे आणले, कानांच्या उंचीला ठेवले. एक पैसा खर्च नाही. आणि हा फरक मात्र पडदा न लावता, रुपया न उडवता, स्वयंपाकघरात चकल्या तळणाऱ्या सौभाग्यवतीलाही ऐकू आला.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून बाहेर आलो, तो भीमसेनांचा अभंग चालू होता. अण्णा डोळे मिटून खुर्चीत बसले होते. समोरची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. मी भाजीची टोपली घेतली आणि तिच्यावर जाऊन बसलो.