कालवणे सोपे, निवडणे कठीण



एक वाटी रवा आणि एक वाटी साखर घ्या. दोन्ही एका ताटात ओता आणि हाताने कालवा. किती वेळ लागला? फार तर अर्धा मिनिट. आता साखर पुन्हा साखरेच्या वाटीत आणि रवा रव्याच्या वाटीत भरा पाहू! चाळणी फारशी उपयोगी पडत नाही, कारण दोन्हींचे दाणे जवळजवळ सारखेच. साखर पाण्यात विरघळवून काढता येईल. पण मग ते पाणी आटवायला इंधन जाळावे लागेल आणि रवा भिजेल तो वेगळाच. कालवणे फुकट होते, निवडायला मात्र श्रम, वेळ आणि ऊर्जा खर्च करावी लागते. उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे हे घरगुती रूप आहे असे म्हटले तरी चालेल.

हा नियम सर्वांत जास्त कुठे मोडायला जातो, ठाऊक आहे? शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातला महाप्रसाद, लग्नाची पंगत, गावची जत्रा अशा ठिकाणी! शेकडो माणसे जेवतात. उरलेला भात, केळीची साले, पत्रावळी, कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या, सारे एकाच पिंपात जाते. ‘नंतर बघू’ असे म्हणून आपण रवा आणि साखर कालवत असतो.

वेगवेगळ्या असताना या वस्तू काय होत्या ते पाहा. भात आणि साले ही खताची सामग्री होती. कोरड्या कागदाचा पाण्यात लगदा करून पुन्हा कागद होऊ शकला असता. बाटलीचे प्लॅस्टिक धुऊन, वितळवून पुन्हा वापरता आले असते. एकत्र आल्यावर मात्र प्रत्येक वस्तू दुसरीला बिघडवते. भाजीचा तेलकट रस्सा कागदाच्या तंतूंना चिकटतो. लगदा पाण्यात होतो आणि तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून असा कागद कारखान्याच्या कामाचा राहत नाही. उलट भातात प्लॅस्टिकचे तुकडे मिसळले, की त्याचे चांगले खत होत नाही.

मग हे सारे कचराभूमीवर जाते. तिथे ढिगाखाली दबलेल्या अन्नाला हवा मिळत नाही. हवेत जगणारे जिवाणू थांबतात आणि प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते मिथेन वायू तयार करतात. हा वायू ज्वालाग्राही आहे. शिवाय वजनास वजन धरले, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडपेक्षा २५ पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. मुंबईची देवनारची कचराभूमी १९२७ सालापासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली. धूर इतका पसरला, की तो उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपण टाकलेला घास नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी श्वासात जातो.

आणि हे निवडण्याचे काम शेवटी करते कोण? कचरावेचक बाया आणि सफाई कामगार. आंबलेल्या भातात हात घालून त्या बाटल्या शोधतात. फुटलेली काच असली तर हात कापतो. या कष्टकऱ्यांनी पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. त्या जे विकतात ते कोरडे आणि स्वच्छ असेल, तर दोन पैसे जास्त मिळतात. जेवताना आपल्याला जे दोन सेकंदांत जमले असते, ते दुसऱ्या दिवशी त्यांना वास सोसत करावे लागते. मला यात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

तुम्ही म्हणाल, “मग तीन रंगांचे तीन डबे ठेवले की झाले!” माझे मत असे, की नुसते डबे ठेवणे म्हणजे मंडपाची शोभा वाढवणे. हातात उष्टे ताट आणि मागे रांग असताना डब्यावरची पाटी वाचतो कोण? पहिल्याने चुकीचे टाकले, की दुसरा त्याचेच पाहून टाकतो. म्हणून डब्याशेजारी माणूस हवा. दोन विद्यार्थी उभे राहिले आणि “काका, अन्न इथे, पेला तिथे,” असे हसून म्हणाले, तर लोक ऐकतात. डब्यांचा क्रमही हाताच्या क्रमाने लावा: आधी उष्टे अन्न, मग पत्रावळ, मग पेला किंवा बाटली. कोरड्या डब्यांच्या झाकणाला बाटलीपुरते गोल भोक आणि कागदापुरती फट ठेवली, तर झाकणच पाटीचे काम करते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. “आम्ही वेगळे केले, तरी गाडीत सारे एकत्रच होते!” काही ठिकाणी असे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय वेगळे करणे सोडून देणे हा नव्हे. ओले अन्न मैदानाबाहेर जाऊच देऊ नका. शाळेच्या कोपऱ्यात खड्डा करा. तळाशी वाळलेला पालापाचोळा, त्यावर अन्नाचा पातळ थर, पुन्हा पालापाचोळा आणि वर माती. पाचोळ्यात कार्बन अधिक, अन्नात नायट्रोजन अधिक. जिवाणूंना दोन्ही लागतात. पाचोळ्यामुळे मधे हवाही खेळते, म्हणून दुर्गंधी येत नाही. शिजवलेले अन्न उघडे राहिले तर उंदीर आणि माश्या येतात, म्हणून मातीचा थर विसरू नका. ओले अन्न निघून गेले, की उरलेला कचरा कोरडा असतो आणि तो कचरावेचकांच्या हाती थेट देता येतो.

कायद्याचेही हेच म्हणणे होते. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांत, परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असेल, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागच्या जागी वेगळा करावा, असे सांगितले होते. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. कारण कचरा किती होणार हे जेवणाचा बेत ठरतो तेव्हाच ठरते. स्टीलची ताटे आणि पेले भाड्याने आणले, तर अर्धे डबे लागणारच नाहीत. पळसाच्या किंवा केळीच्या पानांवर वाढले, तर पानेही त्याच खड्ड्यात जातील. पण ‘कागदी’ पेल्यावर विसंबू नका. एक पेला गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी फाडून पाहा. आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा निघेल. हा पेला खड्ड्यात गेला, तर कागद कुजेल आणि पापुद्रा उरेल.

आता थोडा हिशेब. पाचशे माणसे जेवली आणि प्रत्येकाने पानात फक्त ५० ग्रॅम टाकले असे धरा. ५०० गुणिले ५० म्हणजे २५,००० ग्रॅम, अर्थात २५ किलो अन्न! इतक्या अन्नात आणखी किती जणांची पंगत उठली असती, ते तुम्हीच काढा. म्हणून वाढणाऱ्याने थोडे वाढावे, पुन्हा विचारावे. आणि घेणाऱ्याने लागेल तेवढेच मागावे. न झालेला कचरा निवडावा लागत नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या संमेलनाची बैठक होईल, तेव्हा नाटक आणि नाच यांच्याबरोबर तीन प्रश्न विचारा. जेवण कशात वाढणार? उष्टे कुठे जाणार? डब्यापाशी कोण उभे राहणार? तिसऱ्या प्रश्नाला आपलेच नाव द्या. कार्यक्रम संपल्यावर उष्ट्याचा डबा वजनकाट्याला लावा आणि आकडा फळ्यावर लिहा. पुढच्या वर्षी तो कमी झाला, तर तुमच्या शाळेने एक खरा प्रयोग यशस्वी केला असे मी म्हणेन.