सल्ल्याचीही उगवण तपासावी

घरचें सोयाबीन पेरावयाचें झाल्यास सुज्ञ शेतकरी मृगापूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळतो व आठवड्यानें कोंब मोजतो. सत्तरांहून कमी उगवले तर एकरीं बियाणें वाढवितो. फारच कमी उगवले तर तें बियाणें पेरीतच नाहीं. परंतु हाच गृहस्थ मोबाईलवर सकाळीं आलेला फवारणीचा सल्ला सायंकाळीं पंपांत ओततो, ह्याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं. हवामानाचा अंदाज, बाजारभाव व कृषि विद्यापीठांच्या शिफारशी आज घरबसल्या कळतात, ही सोय लहान नव्हे. आक्षेप आहे तो चौकशीवांचून विश्वास टाकण्यावर. आमच्या मतें प्रत्येक सल्ल्यास चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला, सांगणारा कोण व तो काय विकतो? औषध विकणाराच रोग सांगूं लागला म्हणजे प्रत्येक पानावर रोग दिसतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं औषधाची नोंदणी करावी लागते, व तें कोणत्या पिकास, कोणत्या किडीसाठीं, किती मात्रेनें वापरावें हें डब्यासोबतच्या पत्रकांत छापलेलें असतें. चित्रफीत व पत्रक ह्यांचा मेळ बसत नसेल, तर पत्रक प्रमाण मानावें.

दुसरा, सल्ला केव्हांचा? एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंदी घातली. तत्पूर्वींची शिफारस कोणी आज पुढें पाठविली, तर ती तितक्याच ठामपणें बोलेल. कायदा बदलल्याचें तिला काय ठाऊक?

तिसरा, सल्ला कोणत्या जमिनीसाठीं व कोणत्या बाजारासाठीं? २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधकाचे अंश सांपडल्यामुळें युरोपांत आपलीं द्राक्षें नाकारलीं गेलीं, व बागायतदारांस मोठा फटका बसला. घरच्या बाजारास चालतें तें परदेशास चालतेंच असें नाहीं.

चौथा, ह्यास स्वतंत्र आधार कोणता? एकच मजकूर दहा गटांतून आला म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असें होत नाहीं. एकच साक्षीदार दहा दारांनीं आला, इतकेंच.

कोणी म्हणेल, विद्वानापेक्षां पिकविणाराचा अनुभव खरा. अनुभवाचा मान आम्हीही राखतों. परंतु तो सांगणारानें जमीन, पाणी, वाण व खर्च हींही सांगावींत, आणि शेजारीं औषध न मारलेला एखादा पट्टा राखला होता काय, हेंही सांगावें. पाऊस वेळेवर झाला त्या वर्षीं सर्वच औषधें गुणकारी ठरतात.

चुकीच्या सल्ल्याचें मोल पैशांतच भरतां येतें असें नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेक औषधांचीं मिश्रणें व संरक्षक साधनांचा अभाव हीं कारणें तेव्हां पुढें आलीं. त्यास मोबाईल कारण होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अशीं मिश्रणें आज कोणीही घरीं बसून हजारों शेतकऱ्यांस सुचवूं शकतो, हें विसरतां कामा नये. पंप पाठीवर घेणारा पुष्कळदां आपला मजूर असतो. त्यानें तो सल्ला वाचलेलाही नसतो. म्हणून तपासण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.

शंका आल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें, अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावर विनामूल्य चौकशी करावी. शिफारस झालेली नवी गोष्टही प्रथम एक-दोन गुंठ्यांवरच करून पाहावी. आणि आपल्या मंडळाच्या प्रत्येक शाखेनें एक वही ठेवावी. कोणता सल्ला कोठून आला, कोणीं कोणत्या शेतांत आजमावला, खर्च किती झाला व फळ काय मिळालें, हें तींत लिहावें. फसलेला प्रयोगही न लाजतां नोंदवावा. शेजाऱ्याचा हंगाम त्यानें वांचेल. अशी वही दोन-तीन वर्षें नेटानें चालली, तर गांवास स्वतःच्या मातींत पारखलेलें ज्ञान मिळेल, व तें कोणासही विकत घ्यावें लागणार नाहीं.