1967 च्या गोष्टीतून गळालेले उस्ताद

रॉक संगीताचा इतिहास सांगणारे 1967 या सालापाशी हमखास थांबतात. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ हा अल्बम त्याच उन्हाळ्यात आला. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथं तीन दिवसांचा महोत्सव झाला आणि जिमी हेंड्रिक्सने भर मंचावर गिटार पेटवली. तरुणांचे केस, कपडे, युद्धविरोध, सगळ्यावर त्या वर्षाची छाप पडली. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे: याच वर्षी म्हणे पश्चिमेला ‘हिंदू अध्यात्म’ सापडलं.

सापडलं ते नेमकं काय होतं? 18 जूनच्या दुपारी माँटेरेत पंडित रविशंकर सतार वाजवत होते आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. ‘माँटेरे पॉप’ या चित्रपटाचा शेवट याच वादनाने होतो. त्यात श्रोत्यांमध्ये खुद्द हेंड्रिक्स दिसतो. रविशंकर शिकले मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे. बाबा नमाजी होते आणि शारदामातेचे भक्तही. त्यांचे चिरंजीव अली अकबर खाँ यांनी याच 1967 मध्ये बर्कलीत संगीत विद्यालय काढलं आणि अमेरिकन मुलामुलींना शिकवण्यात पुढचं आयुष्य घालवलं. जपमाळा आणि उदबत्त्यांची फॅशन ओसरली; ही तालीम टिकली.

रविशंकरांना दोष देण्यात अर्थ नाही. ते गुरूचं नाव कायम आदराने घेत आणि आपलं संगीत नशेशी जोडलं जातं म्हणून चिडत. दोष गोष्ट सांगणाऱ्यांचा आहे. ‘सार्जंट पेपर्स’च्या मुखपृष्ठावर चार भारतीय योग्यांचे चेहरे आहेत. पण आत जॉर्ज हॅरिसनच्या गाण्याला तबला, तंबोरा, दिलरुबाची साथ करणाऱ्या भारतीय वादकांची नावं त्या अल्बमवर छापली गेली नाहीत. अध्यात्माला चेहरा मिळाला, हुनराला नावही नाही. आज आपल्याकडेही अभिमानाने हीच गोष्ट सांगितली जाते, आणि त्यातून मैहरचं घर सोयीने वगळलं जातं.

दुसरी तक्रार आपल्याच लोकांशी आहे. संगीत जायज की नाजायज, हा वाद जुना आहे. उलेमांमध्येही त्यावर मतभेद आहेत. ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये. पण ऐकायचं नाही म्हणून इतिहासही नाकारायचा? मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांना झाकीर हुसेन चहाच्या जाहिरातीमुळे माहीत असतात. त्यांचे वालिद, मुंबईत आयुष्य काढलेले अल्लारखाँ, माहीत नसतात. मुसलमानांनी या देशाला काय दिलं, असं कुणी विचारलं की आपण ताजमहाल आणि लाल किल्ला दाखवतो. दगड दाखवायला आपल्याला संकोच वाटत नाही, मग सूर दाखवायला का वाटतो?

एकजण हे उस्ताद आपले नाहीत म्हणून गाळतो, दुसरा ते पुरेसे आपले नाहीत म्हणून. दोघांनी मिळून त्यांना बेघर केलं आहे. बाबांना देवी आणि नमाज एकाच घरात ठेवता आली. आपल्याला त्यांची नावं एका वाक्यात ठेवता येऊ नयेत? 1967 ची गोष्ट जरूर सांगा, पण नावं पूर्ण घ्या.